लाकडातील यतिभंग

मराठीत 'छंद' हा शब्द दोन घरी नांदतो. एका घरी तो पद्यरचनेची चौकट असतो. दुसऱ्या घरी, पोटापाण्याशी संबंध नसलेली पण सोडवत नाही अशी आवड. संस्कृतात 'छन्दस्' आणि 'छन्द' असे दोन शब्द वेगळे दाखवता येतात. मराठीने त्यांना एका उच्चारात बसवले आणि आपण कधी कवितेच्या, कधी बागकामाच्या संदर्भात तो शब्द सहज वापरत आलो. 'नाद' या शब्दाचीही तीच गत आहे. कानाला येतो तोही नाद आणि मनाला लागतो तोही नादच. ही भाषेची एक गंमत आहे, एवढेच आम्ही आजवर समजत होतो. एका निवृत्त गृहस्थांनी कोरलेल्या तीन लहान लाकडी दागिन्यांमुळे त्या गमतीकडे पुन्हा पाहावेसे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तीन वस्तूंची समीक्षा आहे. साहित्याच्या पत्रिकेत लाकडाची समीक्षा कशासाठी, याचा उलगडा पुढे होईल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या मेळाव्यात पुस्तकांच्या टेबलाशेजारी आणखी एक लहान टेबल मांडले होते. त्यावर तळहातापेक्षा मोठी नाही अशी तीसेक लाकडी पदके होती: काही वर्तुळाकार, काही षट्कोनी, काही चांदणीच्या आकाराची. आकाशकंदिलाखाली, तोरणात किंवा गळ्यातल्या दोऱ्यात अडकवावीत अशी. सारी नक्षी भूमितीची. फूल म्हणावे तर तेही कंपासातून उमललेले. ज्यांनी ती कोरली ते आमचे सभासद. उभा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेलेला आणि निवृत्तीनंतर हातात एक सुरी आलेली. येणारे जाणारे पदके उचलून पाहत होते, कौतुक करत होते. तासाभरात आमच्या लक्षात आले की कौतुकाची वाक्ये दोनच आहेत. पहिले, "अगदी मशीनवर केल्यासारखे झाले आहे हो!" दुसरे, "हाताचे काम आहे, एवढेतेवढे चालायचेच." आम्हीही त्यांतले एक बोलून मोकळे झालो. गृहस्थ हसले आणि म्हणाले, "सगळे छान म्हणतात. नेमके कुठे चुकले ते सांगणारा माणूस मात्र भेटत नाही."

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. सोबत त्यांच्या परवानगीने तीन पदकेही आणली. आपले नाव छापू नये आणि हात राखून लिहू नये, अशा त्यांच्या दोन अटी होत्या. दोन्ही पाळल्या आहेत.

ही कला मूळची आपल्याकडची नव्हे. जर्मन भाषेत तिला 'केर्बश्निट' म्हणतात, इंग्रजीत 'चिप कार्व्हिंग'. मराठीत तिला रूढ नाव नाही. 'खाचकाम' म्हटले तर अर्थ पोचावा. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्समधला फ्रीझलंड प्रांत आणि उत्तरेकडचे स्कँडिनेव्हियन देश येथल्या शेतकऱ्यांच्या घरांतून पेट्या, डबे, चमचे, खुर्च्यांच्या पाठी अशा लाकडी वस्तूंवर हे काम शतकानुशतके होत आले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या भागांत धुतलेल्या कापडाच्या सुरकुत्या काढण्यासाठी एक लांबट फळी वापरीत. कापड रुळावर गुंडाळायचे आणि वरून ही फळी दाबून फिरवायची. लग्नाची मागणी घालताना तरुणाने अशी फळी स्वतः कोरून मुलीला द्यावी, अशी तिकडे चाल होती. फळीवर कंपासाने काढलेली फुले, त्रिकोणांच्या ओळी, वर्षाचा आकडा आणि नावाची आद्याक्षरे कोरलेली असत.

ती फळी भेट म्हणून कोरलेली असे; हिवाळ्याच्या लांब रात्री केलेले ते घरगुती काम. आजच्या भाषेत त्याला छंद म्हणावे लागेल. परंतु ज्या घरात ती फळी जाई, त्या घरातल्या पुरुषांच्या हातांतही सुरी होती. खाच कुठे एका दमात उतरली आणि कुठे दोनदा टोचावी लागली, हे त्यांना न सांगता दिसे. विकण्यासाठी नसलेल्या त्या कामाला जाणता प्रेक्षक होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू, कारण ती कळल्याशिवाय समीक्षा करता येत नाही. यात हातोडी नाही, पटाशी नाही. आखूड पात्याची एक सुरी, फार तर टोचणीसारखी दुसरी. आखणीसाठी कंपास, पट्टी आणि पेन्सिल. सुरी सरळ उभी न धरता साधारण साठ-पासष्ट अंशांत तिरपी धरायची, अंगठा लाकडावर टेकवायचा आणि हात आपल्याकडे ओढायचा. त्रिकोण कोरायचा तर तीन बाजूंनी तीन काप. तिन्ही काप तळाशी एकाच बिंदूत मिळाले तर लाकडाची कपची आपोआप, अखंड निघून येते. मिळाले नाहीत तर ती अडकते आणि मग सुरीने उकरावे लागते. त्या उकरण्याची खूण तळाशी कायमची राहते. पाकळी असेल तर दोन वक्र काप, टोकांशी उथळ, मध्याशी खोल, आणि तळाची रेघ एकच. वर रंग नाही, रोगण नाही. पॉलिश कागदानेही फारसे घासता येत नाही, कारण दोन खाचांमधली धार घासली की बोथट होते आणि नक्षीतला प्राणच जातो. या कामात प्रकाश हाच रंग असतो. खाचेच्या एका उतारावर उजेड पडतो, दुसऱ्यावर सावली. आणि हात जरा डळमळला की ती सावलीच चुगली करते.

युरोपात यासाठी लिंडेनचे लाकूड घेतात. ते मऊ असते आणि सर्वत्र एकसारखे. आमच्या सभासदांनी शिवणीचे लाकूड वापरले आहे. निवड योग्य आहे; शिवण हलकी, फिकट रंगाची आणि सुरीला फार अडवत नाही. सागाची फळी दिसायला देखणी, पण तिच्या कठीण आणि मऊ पट्ट्यांतून सुरी एकाच जोराने जात नाही, म्हणून इतक्या बारीक कामाला ती त्रासदायक ठरते.

पहिले पदक सहा पाकळ्यांचे आहे. ही नक्षी शाळेत कंपास हाती आलेल्या प्रत्येक मुलाने काढलेली असते. वर्तुळ काढावे, कंपास तसाच ठेवून परिघावर टोक रोवावे आणि कंस फिरवावेत. सहाव्या खेपेस आपण नेमके जेथून निघालो तेथे परत येतो. त्रिज्या आणि वर्तुळात बसणाऱ्या षट्कोनाची बाजू सारखीच असते, त्याचे हे फळ. म्हणजे आखणी पूर्ण होईपर्यंत कारागिराचे कर्तृत्व जवळपास शून्य आहे; हे फूल भूमितीने फुकट दिलेले असते. कर्तृत्व सुरू होते ते लाकडाशी गाठ पडल्यावर. कागदावर सहाही पाकळ्या सारख्या असतात, लाकडात नसतात. लाकडाला तंतू आहेत आणि ते एका दिशेने धावतात. तंतूंच्या दिशेत असलेल्या पाकळीत सुरी घसरून तंतूंबरोबर पळू पाहते. तिरप्या पाकळीत एका काठावर तंतू सुरीला साथ देतात आणि दुसऱ्या काठावर विरोध करतात. आणि सहाही टोके मध्यावर येऊन भिडतात, तेथे लाकूड सर्वांत नाजूक झालेले असते. सारख्या दिसणाऱ्या सहा पाकळ्या कोरण्यासाठी हाताला सहा वेळा वेगळे वागावे लागते.

येथे आम्हांस छंदाचे पहिले घर आठवले. छंदःशास्त्राचा मराठीतील मोठा अभ्यास ज्यांनी केला, ते माधव जूलियन म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन १८९४ साली वडोद्यात जन्मले होते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना ही नोंद सुखावणारी आहे. त्यांची 'छंदोरचना' १९२७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे १९३७ साली तिची विस्तारलेली आवृत्ती निघाली. वृत्त, जाती आणि छंद अशी पद्याची वर्गवारी त्यांनी बारकाईने मांडली. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला. भुजंगप्रयातात चार य-गण, अक्षरे बारा. मंदाक्रान्तेत सतरा अक्षरे आणि चार, सहा, सात असे थांबे. हा साचा कवीला आयता मिळतो, जसे कंपासाचे फूल कोरणाऱ्याला मिळते. गण मोजून बसवले म्हणजे कविता झाली असे कोणी मानत नाही. पण जो साचा आपण होऊन स्वीकारला, त्यात शब्द कोंबले, ओढले किंवा मध्येच तोडले तर ते जाणत्या कानाला खटकते. थांब्याच्या जागी शब्द दुभंगला तर आपण त्याला यतिभंग म्हणतो. मात्रा भरून काढण्यासाठी घातलेल्या 'तो', 'हा', 'की', 'च' यांना पादपूरक म्हणतो. चुकांना नावे असणे हे ती कला जिवंत असल्याचे लक्षण आहे. खाचकामातल्या चुकांना मराठीत नावे नाहीत, म्हणून आम्ही ती कवितेकडून उसनी घेतली.

सहा पाकळ्यांच्या या पदकात पाच पाकळ्या चांगल्या उतरल्या आहेत. खोली टोकाकडून मध्याकडे हळूहळू वाढते आणि तळाची रेघ एकसंध आहे. फुलाची मांडणीही विचाराने केलेली दिसते. एकही पाकळी तंतूंच्या बरोबर दिशेत येणार नाही अशा रीतीने आखणी फिरवून घेतली आहे, त्यामुळे लाकूड चिरण्याचा धोका कमी झाला. सहाव्या पाकळीत मात्र तळाशी दोन रेघा दिसतात. पहिला काप पुरेसा खोल गेला नाही, म्हणून त्यावरून सुरी पुन्हा फिरवली आणि ती जुन्या वाटेने गेली नाही. त्याच पाकळीच्या टोकाशी, मध्यबिंदूजवळ, एका धारेचा कण उडाला आहे. ही चूक अज्ञानाची म्हणता येत नाही, कारण शेजारच्या पाच पाकळ्या ज्ञानाची साक्ष देतात. ती भीतीची आहे. पाच चांगल्या झाल्या, आता ही बिघडू नये, या विचाराने हात आखडला आणि बिघाड झाला तो आखडल्यामुळे. हा उघड यतिभंग आहे.

दुसरे पदक बारीक त्रिकोणांच्या माळेचे. वर्तुळाच्या कडेने त्रिकोणांची रांग आणि मध्ये मोकळी जागा. रांग पाहताना डोळा एका जागी अडखळतो. शेवटचा त्रिकोण इतरांपेक्षा अरुंद आहे. कारण उघड आहे: परिघावर कंपास एकेक पाऊल टाकत नेला, आणि पावलागणिक केसभर राहिलेली तफावत शेवटी साठून एका जागी बाहेर पडली. परिघाचे आधी सहा भाग, मग प्रत्येकाचे निम्मे, पुन्हा निम्मे, असे केले असते तर चूक साठली नसती. पण आम्हांस खरी हरकत वेगळीच आहे. दोरा ओवण्याचे भोक नेमके त्या अरुंद त्रिकोणाच्या डोक्यावर पाडले आहे, अशासाठी की दोऱ्याच्या गाठीखाली तो झाकला जावा. हे पादपूरण झाले! चरण भरत नाही म्हणून 'च' घालणारा कवी आणि त्रिकोण बसत नाही म्हणून गाठ बांधणारा कोरणारा, यांचे गोत्र एकच.

तिसरे पदक आठ टोकांच्या चांदणीचे आहे. एकमेकांवर फिरवून ठेवलेल्या दोन चौकोनांतून ही चांदणी निघते. तिघांत हे आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटले. चांदणी येथे कोरलेली नाहीच. तिच्याभोवतीचे त्रिकोण कोरून काढले आहेत आणि न कोरलेले लाकूड चांदणी होऊन उभे आहे. पदक उजेडात फिरवले की कधी खाचा आकार वाटतात, कधी उरलेला सपाट भाग. कडेला माळ घालण्याचा मोह आवरला आहे. जागा होती, तरी घातली नाही. एका टोकाशी सुरी रेषेच्या केसभर पलीकडे गेली आहे. ही चूकच आहे, तिला आम्ही 'हाताचा गोडवा' वगैरे म्हणणार नाही. तरी ती पहिल्या पदकातल्या चुकीपेक्षा वेगळ्या जातीची आहे. तेथे हात कचरला होता. येथे तो ठाम होता आणि एका क्षणी थांबायला चुकला. शिवाय ती झाकण्याची खटपट केलेली नाही.

एवढे पाहिल्यावर त्या दोन कौतुकाच्या वाक्यांकडे वळू.

'मशीनवर केल्यासारखे' हे वाक्य स्तुती म्हणून उच्चारले जाते, पण त्यात एक मोठी गफलत आहे. आज अशी पदके यंत्रावर होतातच. लेसरने कापलेली दुकानोदुकानी टांगलेली दिसतात आणि संगणकाच्या आज्ञेवर फिरणारे टोकदार पाते खाचकामाची नक्कलही करू शकते. अचूकपणा हाच निकष असेल तर सुरी खाली ठेवलेली बरी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर हा विषय शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ साली कारागिरीच्या स्वरूपावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन प्रकार मांडले: जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी. पहिल्या प्रकारात काम संपेपर्यंत प्रत्येक क्षणी ते बिघडण्याचा संभव असतो, आणि निभाव लागतो तो करणाऱ्याच्या निर्णयावर, दक्षतेवर व हातावर. दुसऱ्यात फळ आधीच ठरलेले असते. पहिल्याचे उदाहरण त्यांनी लेखणीने लिहिण्याचे दिले आणि दुसऱ्याचे छपाईचे. पाय यांना जोखमीचे भाबडे कौतुक नव्हते. जोखमीचे काम वाईटही असू शकते आणि खात्रीचे उत्तमही, हे ते स्पष्ट सांगतात. म्हणून हाताच्या कामात आपण पाहायचे ते यंत्राशी असलेले साम्य नव्हे. जोखीम पत्करून तिच्यातून तो हात कसा पार पडला, ते पाहायचे. चांदणी मोठी ठरते ती याच कारणाने.

'हाताचे आहे, चालायचेच' या दुसऱ्या वाक्यामागे एक थोर परंपरा उभी आहे. जॉन रस्किन यांनी १८५३ साली, व्हेनिसच्या वास्तूंवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, गॉथिक शिल्पाच्या ओबडधोबडपणात कारागिराचे स्वातंत्र्य पाहिले आणि निर्दोषपणाचा हट्ट हा कलेचे प्रयोजन न कळल्याचे लक्षण मानला. गिरण्यांच्या युगात मजुराचे यंत्र होऊ नये, यासाठीचा तो आक्रोश होता. परंतु रस्किन यांनी दोष पत्करला तो माणसाने आपल्या ताकदीबाहेरची झेप घेतली म्हणून. आपण तोच न्याय सहाव्या पाकळीला लावतो, तेव्हा त्या वाक्यातली झेप गळते आणि सूट तेवढी उरते. सहा पाकळ्यांच्या फुलात कोणतीही अप्राप्य झेप नाही. तेथे दोन रेघा पडल्या तर त्या दोनच रेघा आहेत.

या दोन्ही वाक्यांत एक समान सोय आहे. दोन्ही बोलताना वस्तू नीट पाहावी लागत नाही.

पोटासाठी केलेल्या कामाला ही सोय कधी मिळत नाही. आपल्या आसपासच पाहावे. सावंतवाडीची लाकडी फळे, बेळगावजवळच्या गोकाकची खेळणी, तेलंगणातल्या निर्मलची चित्रित खेळणी, वडोद्याजवळच्या संखेड्याचे लाखकाम, या प्रत्येकाला बाजार आहे, आणि बाजार हा निष्ठुर का होईना, पण समीक्षक असतो. गुजरातेत गांधीनगरजवळ पेथापूर नावाचे गाव कापडछपाईचे लाकडी ठसे कोरण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे सागाच्या ठोकळ्यात बारीक बुट्टी आणि जाळी कोरतात. ठशात एक रेघ तुटली तर ती एका जागी राहत नाही. थानभर कापडावर दर वितीला उमटते. तेथे कापडच कारागिराला त्याची चूक पुन:पुन्हा वाचून दाखवते. आपल्या वाड्यांतले सुरूचे खांब, केळफुले आणि महिरपी कोरणारे सुतार निनावी राहिले, पण त्यांच्या डोक्यावर मिस्त्रीची नजर होती आणि खांब चुकला तर तो बसवला जात नसे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली वडोद्यात कलाभवन उघडले ते हस्तकौशल्याला शिक्षणाची शिस्त लावण्यासाठीच. धंद्याच्या कामाला मालक, मिस्त्री, गिऱ्हाईक असे तीन परीक्षक आयते मिळतात. छंदाला एकही नाही. म्हणूनच छंदाला समीक्षेची गरज धंद्यापेक्षा अधिक आहे. उत्तरेकडच्या त्या फळ्या टिकल्या आणि आजही पाहाव्याशा वाटतात, त्याचे श्रेय त्या पाहणाऱ्या जाणत्या घरांनाही द्यावे लागेल.

आता मूळ प्रश्न. साहित्याच्या पत्रिकेत हे सारे कशासाठी?

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदे येथे मराठी एकेकाळी दरबाराची आणि दफ्तराची भाषा होती. आमच्या पूर्वजांची भाकरी तिच्यावर चालली. मोडीतले एक अक्षर चुकले तर वरचा कारकून कागद परत करी. आता या शहरांतल्या आपल्या घरांत मराठीवर कोणाचेही पोट नाही. शाळा दुसऱ्या भाषेत, नोकरी तिसऱ्या भाषेत. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि अशा पत्रिकांत. प्रामाणिकपणे बोलायचे तर मराठी हा आता आपला छंद झाला आहे. यात खंत आहे, पण लाज नाही. लाज आहे ती वेगळ्या गोष्टीची. या पत्रिकेसाठी आलेल्या कविता, लेख, आठवणी वाचताना आम्ही वर्षानुवर्षे एकच वाक्य मनाशी म्हणत आलो: 'निदान मराठीत लिहितात तरी!' हे वाक्य आणि 'हाताचे आहे, चालायचेच' हे वाक्य सख्खी भावंडे आहेत. मंदाक्रान्तेचा यती मोडलेला दिसला, हिंदीचा वाक्प्रचार मराठी प्रत्यय लावून आलेला दिसला, आठवणीत वर्ष चुकलेले दिसले, आणि आम्ही ते छापले. लेखकाने विचारले तर 'छान' म्हणालो. त्याने कुठे चुकले ते सांगणारा माणूस शोधला असेल तर तो आमच्यात त्याला सापडला नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. लिहिणारे आधीच थोडे. चुका दाखवत बसलो तर तेही जातील. नातीने मोडक्या मराठीत आजीला लिहिलेल्या पत्रावर लाल शाई फिरवायची काय? मुळीच नाही. शिकणाऱ्याला उत्तेजन हवे, आणि नातीचे पत्र जपून ठेवण्यासाठी असते. पण आम्ही बोलत आहोत ते ज्यांनी आपण होऊन वृत्त निवडले, पत्रिकेकडे मजकूर पाठवला आणि चारचौघांपुढे ठेवला, त्या प्रौढ मंडळींविषयी. त्यांना सूट देणे हा त्यांचा आदर नव्हे. 'तुमच्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा नाही' हेच आपण गोड शब्दांत सांगत असतो, आणि ते त्यांना कळतही असते. समीक्षेने माणसे जातात की राहतात, याचा हिशेब आमच्यापाशी नाही. एका माणसाचे काय झाले, तेवढे सांगू शकतो.

वरील टिपणे आम्ही त्या गृहस्थांना वाचून दाखवली. दोऱ्याच्या गाठीचा उल्लेख आला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले, मग मान हलवून म्हणाले, "ते तुम्ही पाहाल असे वाटले नव्हते." सहाव्या पाकळीविषयी त्यांनी उलट प्रश्न विचारले: रेघा कोणत्या उजेडात दिसल्या, किती अंतरावरून दिसल्या. आम्ही दिव्याखाली पदक तिरपे धरून दाखवले. चांदणीच्या स्तुतीवर ते फारसे बोलले नाहीत. तिन्ही पदके खिशात घालून गेले.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, सोबत एकच पदक घेऊन. तेच सहा पाकळ्यांचे फूल, तेच शिवणीचे लाकूड. आम्ही ते दिव्याखाली नेले. सहाही पाकळ्यांच्या तळाशी एकेक रेघ होती. मध्यबिंदूशी मात्र एका धारेचा अगदी बारीक कण निघालेला होता. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी नखाने तीच जागा दाखवली.